ओलिन्थस: फिलिपने पाडलेल्या ग्रीक शहराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्रीस म्हटलं की अथेन्स, स्पार्टा आणि फार तर ट्रॉय, त्यापुढे गाडी जात नाही. ओलिन्थसचं नाव काढलं की बहुतेकांचा चेहरा कोरा. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एकाच ठिकाणी घेतलेत. क्रम काटेकोर नाहीये, हवा तो प्रश्न उचलून वाचा.

हे ओलिन्थस आहे तरी कुठे?

उत्तर ग्रीसमध्ये, खाल्किडिकी भागात. नकाशात एजियन समुद्रात घुसलेली तीन बोटं दिसतात ना, कसांद्रा, सिथोनिया आणि आथोस, त्यातल्या पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात जो आखात आहे त्याच्या वरच्या टोकाजवळ. समुद्र अडीचेक किलोमीटरवर. सपाट माथ्याच्या दोन टेकड्या आहेत, आजूबाजूच्या मैदानापासून ३०-४० मीटर उंच असतील, म्हणजे फार उंच नाहीत, पण वरून सगळं मैदान आणि समुद्राकडून येणारा रस्ता दिसतो. दक्षिणेची टेकडी जुनी वस्ती, उत्तरेची नवी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शहर वसवलं कोणी?

कोणी एकाने नाही. दक्षिण टेकडीवर नवाश्मयुगातही माणसं राहात होती. नंतर बरीच शतकं उलटल्यावर तिथे बोट्टियाई नावाचे लोक आले, त्यांना मॅसिडोनियन लोकांनी त्यांच्या मूळ मुलखातून हुसकावलं होतं. मग इ.स.पू. ४८० च्या हिवाळ्यात इराणी सेनापती आर्टाबाझस तिथे पोचला. तो सम्राट झर्क्सीसला सालामिसच्या आरमारी लढाईतल्या पराभवानंतर हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीपर्यंत सोडून परत येत होता आणि वाटेतली गावं आता आपल्याला जुमानत नाहीत हे त्याला दिसत होतं. ओलिन्थस बंड करणार असा संशय आला म्हणून त्याने शहर घेतलं, लोकांना एका तळ्याकाठी नेऊन कापून काढलं आणि शहर खाल्किडियन ग्रीकांच्या ताब्यात दिलं. हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय. तोच आर्टाबाझस शेजारच्या पोटिडियाला वेढा घालून बसला असताना समुद्र आधी खूप मागे हटला, याचे सैनिक त्या ओल्या वाळूतून पलीकडे जायला निघाले आणि पाणी परत येऊन त्यांना गिळून गेलं. त्सुनामीच्या सगळ्यात जुन्या लेखी नोंदींमध्ये हिचं नाव घेतात.

तर खाल्किडियन ग्रीकांचं ओलिन्थस सुरू होतं ते एका कत्तलीतून, आणि संपतं कसं ते पुढे येईलच.

मग ते मोठं कधी झालं?

इ.स.पू. ४३२. मॅसिडोनियाचा राजा पर्डिकास दुसरा हा अथेन्सवर डूख धरून होता, त्याने किनाऱ्यावरच्या छोट्या छोट्या ग्रीक गावांना पटवलं की समुद्रावर अथेन्सचं आरमार आहे, तिथे तुमचा निभाव लागायचा नाही, घरं पाडा आणि आत ओलिन्थसला येऊन एकत्र राहा. वर आपल्या राज्यातली बोल्बी तळ्याभोवतीची जमीन युद्ध संपेपर्यंत कसायला देतो म्हणाला. आणि लोकांनी खरंच ऐकलं! स्वतःच्या हाताने घरं पाडून आले. आलेली माणसं जुन्या टेकडीवर मावणार कशी, म्हणून उत्तर टेकडीवर कोरी नवी वस्ती आखली गेली. आज जे आपण बघतो ते मुख्यतः हे नवं शहर.

आखली म्हणजे? तेव्हा टाऊन प्लॅनिंग होतं का?

होतं, आणि चांगलं होतं. उत्तर-दक्षिण लांब रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या पूर्व-पश्चिम गल्ल्या, आणि मधे सारख्या मापाचे ब्लॉक. एक ब्लॉक साधारण ३०० ग्रीक फूट लांब, १२० फूट रुंद. एका ब्लॉकात दहा घरं, पाच-पाचच्या दोन ओळी, आणि दोन ओळींच्या मधून पाणी निघून जायला अरुंद बोळ. प्रत्येक घराचा प्लॉट जवळपास १७ बाय १७ मीटर. म्हणजे विस्थापित होऊन आलेल्या माणसांना निदान कागदावर तरी सारखी जागा मिळाली. पुढे कोणी शेजाऱ्याची खोली विकत घेतली, कोणी भिंत पाडून दोन घरं एक केली, जे कुठल्याही वस्तीत दोन-तीन पिढ्यांत होतंच.

तटबंदी कशी होती?

खाली दगडी पाया, वर कच्च्या विटा. आज बघायला गेलात तर किल्ल्याच्या बुरुजांची अपेक्षा ठेवू नका, कच्च्या विटा केव्हाच विरघळून मातीत गेल्या. उत्तर टेकडीच्या पश्चिम कडेची घरं तर तटाला लागूनच होती. पण भिंत मातीची म्हणून तिला कमी लेखू नका, पुढे मॅसिडोनियाचा राजा फिलिपने तटावर वारंवार हल्ले केले आणि त्यात त्याची पुष्कळ माणसं पडली असं इतिहासकार डायोडोरस सांगतो. शहर शेवटी पडलं ते भिंत पडल्यामुळे नाही.

ओलिन्थस एवढं महत्त्वाचं का होतं? एक टेकडीवरचं गाव तर होतं.

कारण ते एकटं नव्हतं. आसपासच्या शहरांचा मिळून खाल्किडियन संघ झाला आणि ओलिन्थस त्याची राजधानी. एकाच प्रकारचे कायदे, एका शहरातल्या माणसाला दुसऱ्या शहरात लग्न करता यायचं, जमीन घेता यायची. ग्रीकांमध्ये ही फार मोठी गोष्ट, कारण तिथे शेजारच्या गावचा माणूससुद्धा परका धरायचे. संघाची चांदीची नाणी सुंदर आहेत, एका बाजूला अपोलो देवाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला त्याची वीणा आणि कडेने खाल्किडियन लोकांचं नाव. आजूबाजूला जहाजाचं लाकूड भरपूर, धान्य पिकतं, बंदरं हाताशी. इ.स.पू. ३८० च्या दशकात तर त्यांचा जोर एवढा वाढला की त्यांनी मॅसिडोनियाची राजधानी पेल्लासुद्धा घेतली होती. तेव्हा मॅसिडोनियाचा राजा होता अमिंटास तिसरा. फिलिप त्याचाच मुलगा. बापाची राजधानी ज्या शहराने घेतली ते शहर मुलगा विसरला असेल का, हा माझा आपला अंदाज, पुरावा काही नाही.

स्पार्टाने मधे येऊन काय केलं?

संघात यायचं नव्हतं अशी शहरंही होती. अकांथस आणि अपोलोनियाने स्पार्टाकडे वकील पाठवले की हे ओलिन्थसवाले आम्हाला जबरदस्तीने ओढतायत, आम्हाला आमचे कायदे हवेत. इ.स.पू. ३८२ मध्ये स्पार्टाने सैन्य धाडलं. ओलिन्थसच्या घोडदळाने त्यांना चांगलंच रडवलं. स्पार्टाचा सेनापती टेल्यूटियास ३८१ मध्ये तटाजवळ मारला गेला. पुढच्या वर्षी स्वतः राजा अगेसिपोलिस आला आणि ऐन उन्हाळ्यात तापाने फणफणून मेला, त्याचं प्रेत मधात बुडवून स्पार्टाला नेलं. शेवटी ३७९ मध्ये उपासमार झाल्यावर ओलिन्थसने हात टेकले. पण स्पार्टाने शहर पाडलं नाही, आणि काही वर्षांत स्पार्टाचंच कंबरडं मोडल्यावर संघ पुन्हा उभा राहिला, पहिल्यापेक्षा मोठा. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस याने आकडे दिलेत, स्पार्टाशी लढताना घोडेस्वार ४०० आणि एकूण माणसं ५,००० पेक्षा जास्त नव्हती, आणि फिलिपच्या वेळी घोडेस्वार १,००० आणि माणसं १०,००० च्या वर. वक्त्याचे आकडे आहेत, त्यामुळे थोडे सांभाळूनच घ्या.

फिलिप म्हणजे अलेक्झांडरचा बाप ना? त्याचं आणि ओलिन्थसचं बिनसलं कशावरून?

हो, तोच. आणि सुरुवातीला बिनसलेलं नव्हतंच, उलट दोस्ती होती. इ.स.पू. ३५६ मध्ये फिलिपने पोटिडिया जिंकून ओलिन्थसला अक्षरशः भेट दिलं. पण नंतर तो ज्या वेगाने शहरांमागून शहरं गिळत सुटला ते बघून ओलिन्थसचं धाबं दणाणलं आणि त्यांनी अथेन्सशी तह केला, जो फिलिपशी झालेल्या कराराच्या सरळ विरुद्ध होता. त्यात फिलिपचे सावत्र भाऊ, म्हणजे गादीचे दावेदार, ओलिन्थसमध्ये आश्रयाला येऊन बसले. मग फिलिपला निमित्त शोधायची गरज उरली नाही. ३४९ मध्ये तो खाल्किडिकीत घुसला, एकेक छोटं शहर उचलत आला. शहर साताठ किलोमीटरवर राहिलं तेव्हा त्याने निरोप धाडला की आता दोनपैकी एकच होईल, तुम्ही ओलिन्थसमध्ये राहायचं नाही किंवा मी मॅसिडोनियात राहायचं नाही.

अथेन्सने मदत केली नाही का? डेमोस्थेनिसची ती प्रसिद्ध भाषणं याच वेळची ना?

याच वेळची, तीन भाषणं. त्याचं म्हणणं साधं होतं, आग आज दूर आहे तर तिथेच विझवा, नाहीतर उद्या दारात येईल, आणि लढाईला भाड्याचे सैनिक पाठवून हातावर हात ठेवून बसू नका, स्वतः जा. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता, तर उत्सवांना आणि नाटकाच्या तिकिटांना लोकांना वाटला जाणारा निधी होता, त्याला हात लावायची गोष्ट त्याने फार जपून जपून काढली कारण लोकांना ते रुचणारं नव्हतं (फुकटचं बंद करा म्हणणारा पुढारी तेव्हाही लोकांना आवडत नव्हता).

मदत गेली, पण हप्त्याहप्त्याने. पहिल्यांदा सेनापती कारेस २,००० हलके सैनिक घेऊन, मग दुसरा सेनापती कारिडेमस १८ जहाजं आणि ४,००० माणसं घेऊन, आणि शेवटी जेव्हा ओलिन्थसने कळकळून सांगितलं की आता भाडोत्री नको, तुमचे नागरिक पाठवा, तेव्हा २,००० नागरिक-सैनिक आणि ३०० घोडेस्वार निघाले. मधेच घराजवळ युबिया बेटावर बंड झालं, त्यात लक्ष गेलं. शेवटची तुकडी वाऱ्याने अडली आणि पोचायच्या आत खेळ खलास झाला होता.

मग शहर पडलं कसं?

पैशाने. यूथिक्रेटिस आणि लास्थेनिस हे घोडदळाचे दोन सरदार फितूर झाले. डेमोस्थेनिस म्हणतो पाचशे घोडेस्वार हत्यारांसकट फिलिपच्या हवाली केले गेले. तटाबाहेर लढायची ताकदच गेली आणि इ.स.पू. ३४८ मध्ये, साधारण उन्हाळा सरता सरता, फिलिप आत आला. शहर लुटलं, पाडलं, आणि जी माणसं हाती लागली ती गुलाम म्हणून विकली. आपण राज्य तलवारीपेक्षा सोन्याने जास्त वाढवलं असं फिलिप स्वतःच मिरवायचा म्हणे.

लास्थेनिसची एक गोष्ट चरित्रकार प्लुटार्कने दिलीये. त्याने फिलिपकडे तक्रार केली की तुमचे लोक आम्हाला गद्दार म्हणतात, तर फिलिप म्हणाला, काय करणार, आमची मॅसिडोनियन माणसं अडाणी, जे आहे तेच म्हणतात.

लोकांचं पुढे काय झालं?

काही निसटून अथेन्सला आणि इतर ठिकाणी पोचले. बाकीच्यांचे हाल. डेमोस्थेनिसने सांगितलेला एक प्रसंग आहे, अट्रेस्टिडास नावाचा माणूस फिलिपकडून निघाला होता आणि त्याच्यासोबत तीसेक बायका-मुलं चालत होती. कोण ही, तर ओलिन्थसचे कैदी, फिलिपने याला बक्षीस दिलेले. दुसरा प्रसंग विजयाच्या मेजवानीचा. फिलिप कलाकारांना मागाल ते देत होता, सॅटिरस नावाचा विनोदी नट मात्र गप्प, विचारलं तर म्हणाला, माझ्या मेलेल्या मित्राच्या दोन मुली ओलिन्थसमध्ये पकडल्या गेल्यात, त्या द्या, मी त्यांना हुंडा देऊन लग्नं लावून देईन. फिलिपने दिल्या.

इ.स.पू. ३१६ मध्ये मॅसिडोनियाचा तेव्हाचा सत्ताधीश कसांडर याने जुन्या पोटिडियाच्या जागी कसांड्रिया नावाचं शहर वसवलं, तेव्हा वाचलेल्या ओलिन्थसवाल्यांना तिथे जागा दिली. पण टेकडीवरचं शहर पुन्हा उभं राहिलं नाही, वायव्येच्या काही घरांमध्ये नंतर थोडी वस्ती झाली असावी असं काही अभ्यासकांना वाटतं, त्यावर वाद चालू आहे.

ओलिन्थसचा कोणी माणूस आपल्या बाजूला आला होता का?

भारताच्या उंबरठ्यापर्यंत एक आला. कॅलिस्थेनिस, ॲरिस्टॉटलचा नातेवाईक, अलेक्झांडरच्या स्वारीचा अधिकृत इतिहासकार. ज्याच्या बापाने आपलं गाव जमीनदोस्त केलं त्याच्याच मुलाची कीर्ती लिहायची नोकरी! बॅक्ट्रियात (आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर भागात) अलेक्झांडरपुढे इराणी पद्धतीने लोटांगण घालायला त्याने नकार दिला, मग राजाच्या सेवेतल्या पोरांच्या कटात नाव गोवलं गेलं आणि इ.स.पू. ३२७ मध्ये अटक झाली. कोणी म्हणतं फाशी दिलं, कोणी म्हणतं बेड्यांत आजारी पडून मेला. त्याच वर्षी अलेक्झांडर हिंदुकुश ओलांडून भारताकडे वळला.

उत्खनन कोणी आणि कधी केलं?

हा भाग १९१२ पर्यंत ऑटोमन साम्राज्यात होता. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ॲलन वेस याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जागेबद्दल लिहिलं. खरी खोदाई डेव्हिड रॉबिन्सनने केली, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा प्रोफेसर, १९२८, १९३१, १९३४ आणि १९३८ असे चार सीझन. शेकडो मजूर, प्रचंड वेग, शंभराहून जास्त घरं उघडी. १९२९ ते १९५२ मध्ये १४ जाडजूड खंड छापले. पहिल्या खंडात नवाश्मयुगीन वस्ती होती, ती जॉर्ज मायलोनासने लिहिली, तोच पुढे मायसीनीच्या खोदाईसाठी नावाजला गेला.

रॉबिन्सनबद्दल काहीतरी वाद आहे असं ऐकलं.

आहे, आणि तो सांगायलाच हवा. मेरी रॉस एलिंग्सन ही कॅनडाची विद्यार्थिनी १९३१ मध्ये खोदाईवर होती. तिथल्या मातीच्या मूर्तींवर तिने प्रबंध लिहिला. १९३३ मध्ये सातवा खंड निघाला, विषय मातीच्या मूर्ती, लेखक म्हणून नाव रॉबिन्सनचं, मजकूर मुख्यतः तिचा. पुढे चौदाव्या खंडातही तिचं काम तसंच वापरलं. ॲलन कायझर या पुरातत्त्वज्ञाने कागदपत्रं ताडून २०१४ मध्ये हे सगळं पुस्तकरूपात मांडलं.

खोदाईच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत. खापरं बरीचशी टाकून दिली, थरांकडे फार लक्ष दिलं नाही. पण एक गोष्ट त्या टीमने त्या काळाच्या मानाने जबरदस्त केली, कुठली वस्तू कुठल्या घरातल्या कुठल्या खोलीत सापडली हे लिहून ठेवलं. त्या नोंदींच्या जोरावर निकोलस केहिलला २००२ मध्ये घराघरातला संसार नव्याने मांडता आला.

एवढं काय सापडलं की लोक ओलिन्थस ओलिन्थस करतात?

घरं! अथेन्सची देवळं आपल्याला माहीत असतात पण तिथला साधा माणूस कसा राहायचा हे सांगायला उभी घरं फारशी उरलेली नाहीत, कारण अथेन्सवर अडीच हजार वर्षं लोक घरांवर घरं बांधत राहिले. ओलिन्थस एका झटक्यात संपलं आणि वर कोणी फारसं बांधलं नाही.

घर कसं, तर आपल्या जुन्या वाड्याची लहान आवृत्ती समजा: बाहेरून बंद भिंती, आत चौक, चौकाच्या उत्तरेला लांब ओसरी आणि तिच्यामागे खोल्या, म्हणजे हिवाळ्याचं तिरपं ऊन आत येतं आणि उन्हाळ्याचं डोक्यावरचं येत नाही. पुरुषांच्या मेजवान्यांची एक खास खोली असायची, कडेने बसका ओटा, त्यावर पलंग, आणि दार मुद्दाम मधोमध नाही, एका बाजूला, म्हणजे पलंग नीट बसतात. श्रीमंताकडे त्या खोलीत गारगोट्यांचं मोझॅइक. पंखवाल्या घोड्यावरचा पुराणकथेतला वीर बेलेरोफॉन कायमिरा राक्षसाला भोसकतोय ते मोझॅइक ग्रीकांच्या सगळ्यात जुन्या चित्रमय मोझॅइकांपैकी आहे. शहराच्या पूर्वेला मैदानातल्या एका मोठ्या घरात तर रथातला मद्यदेव डायोनिसस, ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलिस आणि त्याची आई, आणि सुदैवाचं नाव जमिनीत खड्यांनी लिहिलेलं. त्या घराला म्हणूनच सुदैवाचा बंगला म्हणतात, आणि शहराचं पुढे जे झालं ते माहीत असल्यावर ते नाव वाचताना कसंतरीच होतं.

स्वयंपाकघर, धूर जायला वेगळी चिंचोळी जागा, शेजारी न्हाणीघर आणि त्यात बसून आंघोळ करायचं भाजक्या मातीचं टब. मागाची वजनं घरोघरी, आणि काही ठिकाणी एका कुटुंबाला लागतील त्याच्या कितीतरी जास्त, म्हणजे कापड विणून विकत असणार. एक जातं इथे एवढं सापडलं की पुरातत्त्वात त्या प्रकाराला ओलिन्थस जातंच म्हणतात: वरच्या चौकोनी दगडात धान्य ओतायची खाच, आणि दगड गोल फिरत नाही तर दांड्याने मागेपुढे ढकलायचा. दगडावर कोरलेली घरांची खरेदीखतंसुद्धा सापडलीत, त्यात विकणारा, घेणारा, साक्षीदार आणि किंमत.

लढाईचे पुरावे?

शिशाच्या गोफणगोळ्या, शेकड्यांनी. कित्येकांवर फिलिपचं नाव ओतलेलं, काहींवर त्याच्या सरदारांची, क्लिओबुलस, हिप्पोनिकस. यातला हिप्पोनिकस डेमोस्थेनिसच्या भाषणातही येतो, म्हणजे भाषणातलं नाव आणि जमिनीतली गोळी जुळतात. बाणांच्या काशाच्या टोकांवरही फिलिपचं नाव आहे, आणि त्यातली काही एवढी मोठी की ती यंत्राने सोडली असावीत असं काहीजण मानतात. गोळ्या घरांच्या आतही सापडल्यात, त्यावरून रस्त्यारस्त्यात लढाई झाली असावी असा एक अभ्यास आहे. सरदार फितूर झाले तरी सगळे गप्प बसले नव्हते.

याला ग्रीसचं पाँपेई म्हणतात ते बरोबर आहे का?

अर्धंच. इटलीतलं पाँपेई ज्वालामुखीच्या राखेखाली जसंच्या तसं गाडलं गेलं. ओलिन्थसमध्ये वेढा पडणार हे आधीपासून दिसत होतं, त्यामुळे काहींनी सामान हलवलं असेल, नंतर सैनिकांनी लुटलं, वरून कौलं आणि छपराची लाकडंही लोकांनी नेली असतील. म्हणून एखाद्या खोलीत काही नाही याचा अर्थ तिथे काही नव्हतंच असा लावता येत नाही.

आता तिथे काम चालू आहे का?

१९९० च्या दशकात ग्रीक पुरातत्त्व खात्याने युलिया वोकोटोपुलू यांच्या काळात भिंतींच्या जतनाचं मोठं काम केलं. मग २०१४ पासून काही वर्षं ग्रीक खातं, लिव्हरपूल आणि मिशिगन विद्यापीठांच्या टीमने मिळून एकच घर फार सावकाश खणलं, आजूबाजूला जमिनीखालचा सर्व्हे केला, मातीचे सूक्ष्म नमुने घेतले. रॉबिन्सन एका सीझनमध्ये डझनावारी घरं उरकायचा, यांनी एका घराला कित्येक सीझन दिले. टेकडीचा बराच भाग अजून न खणलेला आहे.

जायचं झालं तर?

थेसालोनिकीहून गाडीने तासाभराचा रस्ता. सावली जवळजवळ नाही, उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, पाणी घ्या. प्रवेशापासून टेकडीवर थोडं चालावं लागतं. वर गेल्यावर गुडघाभर उंचीच्या भिंती दिसतात, प्लॅन हातात नसेल तर दहा मिनिटांत कंटाळा येईल, म्हणून आधी ब्लॉकचा नकाशा बघून जा. बेलेरोफॉनचं मोझॅइक जागेवरच आहे. बाकी वस्तू बघायला पोलिगिरोस आणि थेसालोनिकीची म्युझियम, दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर थेसालोनिकी.